घरचा संगणक मंदावला असेल तर: आधी दुखणे ओळखा, मग सेटिंग बदला

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी घरांत संगणक बहुधा कुणा एकाचा नसतो. मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, कर्नाटक सरकारच्या भूमी पोर्टलवरून शेताचा उतारा काढणे, त्याच सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज भरणे, सोसायटीच्या सभेची नोटीस मराठीत आणि कन्नडमध्ये टंकित करणे, ही सगळी कामे त्याच एका यंत्रावर होतात आणि प्रत्येक जण आपापल्या गरजेचे काहीतरी त्यात भरून ठेवतो. काही वर्षांनी तो संगणक सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेऊ लागतो, आणि दुरुस्तीला नेला की ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे उत्तर मिळते. फॉरमॅट केल्याने वेग येतो हे खरे आहे. परंतु त्यात जुनी कागदपत्रे, फॉन्ट आणि प्रिंटरची जोडणी जाते, आणि मंदपणाचे मूळ कारण तसेच राहिले असेल तर काही महिन्यांत पुन्हा तीच स्थिती येते. म्हणून संगणक नेमका कशामुळे अडतो आहे हे आधी पाहावे आणि तेवढीच दुरुस्ती करावी, असे माझे मत आहे. पुढील पायऱ्या विंडोज १० आणि विंडोज ११ यांसाठी आहेत. दोन्हींत काही नावे किंचित वेगळी दिसतील.

सुरुवातीची तयारी

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. जो संगणक अचानक मंदावला आहे त्याची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असण्याची शक्यता असते, आणि तसे असेल तर साफसफाईच्या खटाटोपातच ती बंद पडू शकते. आतून टकटक असा आवाज येत असेल, तर बाकी सर्व सोडून प्रथम फाइली वाचवाव्यात.

त्यानंतर स्टार्टच्या शोधचौकटीत ‘रिस्टोअर पॉइंट’ असे इंग्रजीत टाइप करावे, उघडलेल्या खिडकीत सी ड्राइव्हचे संरक्षण चालू आहे ना ते पाहावे, नसल्यास चालू करावे, आणि ‘क्रिएट’ हे बटण दाबून त्या दिवसाची स्थिती साठवून ठेवावी. पुढे एखादा बदल अंगलट आला, तर विंडोजच्या सेटिंग आणि प्रोग्रॅम या साठवलेल्या स्थितीला परत नेता येतात. आपल्या फाइलींची प्रत मात्र यात राहत नाही, म्हणून ती वेगळी घेणे आवश्यक आहे.

आणखी एक साधी गोष्ट येथेच सांगितलेली बरी. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुतेक ठिकाणी मुळातच चालू असते. त्यामुळे ‘शट डाउन’ केले तरी विंडोजचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्या घरातही त्यामुळे यंत्र कित्येक आठवडे खऱ्या अर्थाने नव्याने सुरूच झालेले नसते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून पुढची तपासणी रीस्टार्ट करून, दहा मिनिटे थांबून, मगच करावी. काही तक्रारी तेवढ्यानेच मिटतात.

नेमके अडते कुठे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. पूर्ण माहिती दिसत नसेल तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करावे. ‘प्रोसेसेस’ या भागात वरच्या ओळीत सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क यांची टक्केवारी दिसते. नेहमीचे काम, म्हणजे ब्राउझर, वर्ड आणि एखादी पीडीएफ फाइल, उघडून ठेवावे आणि पाच मिनिटे हे आकडे नुसते पाहत राहावेत. या पाच मिनिटांवर पुढचे सर्व अवलंबून असल्याने ती टाळू नयेत.

डिस्कचा आकडा सतत शंभराच्या आसपास आणि सीपीयू मात्र वीस-तीस टक्क्यांवर, असे चित्र जुन्या संगणकांत फार वेळा दिसते. याचा अर्थ प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहत आहे. मेमरी पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते ठेवण्याची मेमरी, अपुरी पडते आहे. अशा वेळी विंडोज रॅममध्ये न मावणारा भाग डिस्कवर नेऊन ठेवते, त्यामुळे डिस्कही भरडली जाते आणि दोष डिस्कचा आहे असा चुकीचा समज होतो. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. सीपीयू सतत वर असेल तर ‘सीपीयू’ या शीर्षकावर क्लिक करून सर्वांत वरचा प्रोग्रॅम कोणता ते पाहावे. आणि तिन्ही आकडे कमी असूनही काम संथ चालत असेल, तर कारण उष्णतेत, वीज बचतीच्या सेटिंगमध्ये किंवा इंटरनेटमध्ये शोधावे.

इंटरनेटचा मुद्दा येथे वेगळा काढणे आवश्यक आहे. सरकारी पोर्टल दुपारच्या गर्दीत उघडत नाही, किंवा जांबोटीकडच्या एखाद्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पान अर्धेच येते, याला संगणक जबाबदार नाही. परीक्षा सोपी आहे: इंटरनेट बंद करून वर्डची फाइल उघडावी. ती चटकन उघडली तर संगणकाच्या सेटिंग बदलून काहीही साध्य होणार नाही.

सुरू होतानाची गर्दी

टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ किंवा ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ हा भाग आहे. संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी तेथे असते आणि प्रत्येकाचा सुरुवातीच्या वेळेवर किती भार पडतो हेही ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ अशा शब्दांत दिलेले असते. नको असलेल्या नावावर उजवे क्लिक करून ‘डिसेबल’ निवडावे. यामुळे प्रोग्रॅम पुसला जात नाही. हवा तेव्हा तो नेहमीप्रमाणे उघडता येतो. गाणी ऐकवणारे प्रोग्रॅम, व्हिडिओ मीटिंगचे प्रोग्रॅम, टॉरेंट, प्रिंटर कंपनीचे सूचना देणारे जोडप्रोग्रॅम, कधीच न वापरलेली क्लाउड साठवण, हे सर्व निःशंकपणे बंद करावे. अँटिव्हायरस, आवाजाचा आणि टचपॅडचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्रॅम) यांना हात लावू नये. ज्या नावाचा अर्थ कळत नाही ते तसेच ठेवावे.

आपल्या भागात या यादीत एक वेगळीच गर्दी आढळते, ती टंकलेखनाच्या प्रोग्रॅमची. मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी किंवा बरह, शिवाय मुलाने कधीतरी उतरवून घेतलेला आणखी एखादा फोनेटिक कीबोर्ड, असे तीन-चार प्रोग्रॅम एकाच संगणकात असतात, आणि ते सगळे सुरू होतानाच जागे होऊन कीबोर्डवर लक्ष ठेवून बसतात. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी कीबोर्ड अडवू लागले की अक्षर उशिरा उमटणे, मध्येच भलतेच अक्षर येणे, वर्ड क्षणभर गोठणे असे प्रकार होतात, आणि आपण त्याला ‘संगणक स्लो झाला’ म्हणतो. यांपैकी रोज एकही लागत नसेल तर स्टार्टअपमधून सर्व बंद करावेत आणि ज्याचे काम असेल तोच त्या वेळी उघडावा.

युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर व फोनवर वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षरांत, लिहिणे पुरेसे असेल, तर स्वतंत्र प्रोग्रॅमची गरजच उरत नाही. २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या अद्यतनापासून मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचे फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतात. सेटिंगमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ येथे जाऊन दोन्ही भाषा जोडाव्यात, प्रत्येक भाषेच्या पर्यायांत फोनेटिक कीबोर्ड निवडावा, आणि लिहिताना विंडोजचे बटण व स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलावी. जोडताना आवाज ओळखणे, हस्ताक्षर ओळखणे असे जे जादा घटक दिसतात त्यांची निवड काढून टाकली तरी चालते.

फॉन्टच्या बाबतीत मात्र घाई करू नये. शेकडो फॉन्ट भरलेले असतील तर वर्डसारखे प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो हे खरे. पण जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकित केलेली पत्रिका, वंशावळ किंवा मंडळाचा अहवाल त्या फॉन्टशिवाय वाचताच येत नाही, मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. म्हणून आधी त्या फाइलींची पीडीएफ प्रत करून ठेवावी, फॉन्टच्या फाइली बाजूला जपून ठेवाव्यात, आणि मगच कधीही न लागणारे फॉन्ट काढावेत.

डिस्कवरची जागा

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला की विंडोजला तात्पुरत्या फाइली आणि अद्यतने ठेवायला जागा उरत नाही. एकूण क्षमतेच्या पंधरा ते वीस टक्के जागा मोकळी राहील असे पाहावे. सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘स्टोरेज’ उघडल्यावर कशाने किती जागा व्यापली आहे ते दिसते. ‘टेम्पररी फाइल्स’मध्ये जाऊन खुणा करून पुसता येते, परंतु त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ हे नावही असते आणि अनेकांच्या गुणपत्रिका, आधारच्या प्रती आणि उतारे त्याच फोल्डरमध्ये पडलेले असतात, म्हणून त्यावर खूण नाही याची खात्री करूनच पुढे जावे. विंडोजची जुनी आवृत्ती तशीच पडून असेल तर ती काढल्याने अनेक जीबी जागा मिळते, फक्त त्यानंतर मागच्या आवृत्तीकडे परतता येत नाही.

खरी जागा मात्र व्हिडिओ खातात. वडगावच्या मंगाई यात्रेचे चित्रण, लग्नाचे चार तासांचे व्हिडिओ, फोनमधून दोनदा उतरवलेले तेच फोटो, हे सगळे डी ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर हलवावे. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइलही सी ड्राइव्हवरच असते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. हलवून झाल्यावर रिसायकल बिन रिकामा करावा.

स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅगमेंट’ असे इंग्रजीत शोधल्यास जो प्रोग्रॅम उघडतो, तो डिस्क फिरत्या चकतीची आहे की एसएसडी (चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी), हे ‘मीडिया टाइप’ या रकान्यात दाखवतो. फिरत्या चकतीच्या डिस्कवर एका फाइलचे तुकडे दूरदूर विखुरले की वाचायला वेळ लागतो. ‘ऑप्टिमाइझ’ केल्याने ते जवळ आणले जातात. एसएसडीमध्ये चकतीच नसल्याने तुकडे जोडण्याचा उपयोग नसतो, आणि विंडोज तिच्यासाठी वेगळीच देखभाल आपोआप करते. म्हणून येथे फक्त ठरलेले वेळापत्रक चालू आहे एवढेच पाहावे; इंटरनेटवरून वेगळा डीफ्रॅगचा प्रोग्रॅम आणून एसएसडीवर चालवू नये.

लोडशेडिंगमध्ये किंवा वळवाच्या पावसात वीज गेल्यावर बंद पडलेल्या संगणकात फाइलींच्या नोंदी बिघडू शकतात. ‘धिस पीसी’मध्ये सी ड्राइव्हवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘टूल्स’ आणि ‘चेक’ असे गेल्यास त्या नोंदींची तपासणी करता येते.

दिसणे आणि वीज

स्टार्टमध्ये ‘परफॉर्मन्स’ असे इंग्रजीत शोधून ‘अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ उघडावे. ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडल्यावर खिडक्यांच्या सावल्या, सरकण्या-विरण्याच्या करामती सर्व बंद होतात. मात्र त्यानंतर ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ या ओळीवर पुन्हा खूण करावी, अन्यथा देवनागरीच्या वेलांट्या आणि कन्नडची वळणदार अक्षरे दातेरी दिसू लागतात आणि वाचताना डोळे दुखतात. या बदलाने कमकुवत ग्राफिक्सच्या यंत्रात फरक जाणवतो, बऱ्या यंत्रात जवळजवळ नाही.

लॅपटॉप असेल तर पॉवर मोड जरूर पाहावा. बॅटरी वाचवण्याची सोय चालू राहिली तर प्रोसेसर मुद्दाम संथ चालवला जातो. विंडोज ११ मध्ये ‘पॉवर अँड बॅटरी’ येथे चार्जर लावलेला असताना ‘बेस्ट परफॉर्मन्स’ ठेवावे. जुन्या कंट्रोल पॅनलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये प्रगत सेटिंग उघडल्यास ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ हा आकडा कुठे कुठे सापडतो. तो कुणी कमी करून ठेवला असेल तर शंभर करावा.

ब्राउझर, व्हायरस आणि अद्यतने

मेमरी भरलेली दिसत असेल तर पहिला संशय ब्राउझरवर घ्यावा. न लागणारी एक्स्टेन्शन (ब्राउझरचे जोडप्रोग्रॅम) काढावीत, क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ चालू करावे, आणि क्रोमच्या ‘सिस्टिम’ सेटिंगमधील, ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीवर अ‍ॅप चालू ठेवण्याची परवानगी काढून घ्यावी. कोपऱ्यात सारख्या येणाऱ्या जाहिरातींच्या सूचना हा अनेकदा व्हायरस नसून कुठल्यातरी संकेतस्थळाला आपणच दिलेल्या ‘अलाउ’चा परिणाम असतो, ती परवानगी नोटिफिकेशनच्या सेटिंगमधून रद्द होते.

खरा व्हायरस आपल्याकडे बहुधा पेन ड्राइव्हमधून येतो. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर ते उघडू नयेत. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’ येथे ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावे. संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते आणि तिला साधारण पंधरा मिनिटे लागतात. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत, कारण दोघेही प्रत्येक फाइल तपासू लागतात. फुकट सक्रिय करून देणारे ‘क्रॅक’ आणि एका क्लिकमध्ये वेग वाढवण्याचे वचन देणारे ‘बूस्टर’ यांना माझा सरसकट विरोध आहे. दुसऱ्या प्रकारचे प्रोग्रॅम स्वतःच स्टार्टअपमध्ये बसून राहतात आणि जे करतात ते विंडोजमध्ये आधीच उपलब्ध असते.

अद्यतने बंद करू नयेत, पण त्यांचा त्रास कमी करता येतो. ‘विंडोज अपडेट’च्या प्रगत पर्यायांत ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ येथे इतर संगणकांशी देवाणघेवाण बंद करावी. हॉटस्पॉट वापरत असाल तर त्या वाय-फायच्या माहितीत ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे, म्हणजे मोठी अद्यतने त्या जोडणीवर आपोआप उतरत नाहीत.

धूळ आणि उष्णता

सुरुवातीची दहा मिनिटे संगणक ठीक चालतो आणि नंतर पंखा घोंघावत यंत्र मंदावते, हे उष्णतेचे लक्षण आहे. प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग आपणहून घटवतो, आणि यावर कोणत्याही सेटिंगचा इलाज नाही. वडगाव-खासबागेत यंत्रमाग असलेल्या घरात सुताचे तंतू, उद्यमबागेच्या आसपास कारखान्यांची बारीक धूळ, निपाणीत तंबाखूची भुकटी, असे प्रत्येक ठिकाणचे अन्न पंख्याला मिळते. संगणक बंद करून, प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअरने धूळ काढावी. पाते मोकळे ठेवल्यास ते जोरात फिरून पंखा खराब होऊ शकतो. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये. खानापूरकडच्या पावसाळी ओलीत संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालू करणे चांगले.

सेटिंगची मर्यादा

इतके करूनही डिस्क शंभर टक्क्यांवरच राहिली आणि डिस्क फिरत्या चकतीची असेल, तर एसएसडी बसवण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही. चकतीच्या डिस्कचा वेग साधारण सेकंदाला शंभर-दीडशे एमबी, तर साध्या साटा एसएसडीचा पाचशेच्या आसपास असतो; आणि विखुरलेल्या लहान फाइली वाचण्यात तर ही तफावत याहून कितीतरी मोठी आहे. मेमरी अपुरी असेल तर चार जीबीची आठ जीबी करावी. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर क्लिक केल्यास किती खाचा वापरात आहेत ते दिसते. दुकानात जाताना रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४ हे माहीत असावे, कारण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. सेटिंगच्या ‘अबाउट’मध्ये ‘३२ बिट’ असे लिहिलेले असेल तर चार जीबीपेक्षा जास्त रॅम घालून उपयोग होत नाही. आधी ६४ बिट विंडोज बसवावी लागते.

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे फार जुन्या यंत्रात एसएसडीवर खर्च करण्यापूर्वी हे तपासून घ्यावे. केवळ ब्राउझर आणि लिखाण एवढेच काम असेल, तर अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली चालू शकते आणि त्यात मराठी व कन्नड दोन्ही लिहिता येते.

एसएसडी बसवायला देताना दोन गोष्टी आधी कराव्यात. डिस्कवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कला लावलेले सांकेतिक कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते उघडणारा क्रमांक, आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्यावी. आणि विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने, तीच आवृत्ती पुन्हा बसवली की इंटरनेट जोडताच ती आपोआप सक्रिय होते, हे दुरुस्ती करणाऱ्याला सांगावे; त्यासाठी क्रॅक घालू देऊ नये. काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडू नये. ती यूएसबीच्या केसमध्ये घालून घेतली की फोटो आणि व्हिडिओ ठेवायला उपयोगी पडते.